ताईंच्या हातात माईक द्या: प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत सगळ्या पक्षांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या गावातले सगळ्या पक्षांचे शहराध्यक्ष, आघाड्यांचे नेते, पॅनलप्रमुख, आणि उमेदवार ताईंचे मिस्टर, दीर, सासरे, मुलं,

सप्रेम नमस्कार.

नगरपरिषदेच्या निवडणुकीतून अर्ज मागे घ्यायची २१ नोव्हेंबर २०२५ ही तारीख गेली, कोण राहिलं आणि कोण बसलं ते गावाला कळलं, २६ ला अपक्षांना चिन्हं मिळतील आणि २ डिसेंबरला मतदान. तुम्ही सगळे पळापळीत आहात, एवढं मोठं पत्र वाचायला कुणाला वेळ नाही हे मला माहितीये, पण मतदान झाल्यावर लिहून काही उपयोग नाही म्हणून आत्ताच लिहितेय. मागणी एकच आहे. राहिलेल्या दिवसांत उमेदवार ताईंना स्वतः बोलू द्या. प्रत्येक कॉर्नर सभेत, प्रत्येक गल्लीत, प्रत्येक दारात माईक आणि बोलणं त्यांच्याकडे असू द्या.

मी बचत गटाचं काम करते, कुठल्या पक्षात नाही. आपलं गाव मराठवाड्यातलं, क वर्ग नगरपरिषद, आठ दिवसाला नळ सुटतो तो पण रात्री कधी दोनला कधी तीनला. गेल्या पंधरा दिवसांत तुमच्यातल्या जवळपास सगळ्यांचे फोन आले, ताई रॅलीला बाया लागतात, गटातल्या किती येतील, रोज काय घेतील. सध्या कापूस वेचणी चालू आहे, बायांना रोज बुडवून यायचं तर पैसे लागणारच, त्यात त्या बायांची काही चूक नाही. पण मी प्रत्येकाला एकच विचारलं की आल्यावर आमच्याशी बोलणार कोण, तर उत्तर यायचं "दादा बोलतील ना." अहो पण उमेदवार दादा नाहीत. यादीत नाव ताईंचं आहे, मशीनवर नाव ताईंचं असणार आहे.

मागच्या वेळी २०१६ च्या नोव्हेंबरात मतदान झालं होतं, नोटाबंदी नुकतीच झाली होती, बँकेच्या लाईनीत उभं राहून लोक प्रचाराच्या गप्पा मारायचे. त्या बॉडीची मुदत संपून प्रशासक आले ते अजून आहेत. ओबीसी आरक्षणाची केस, प्रभागरचना, परत केस, शेवटी सुप्रीम कोर्टानं या मे महिन्यात निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठं हलले. म्हणजे नऊ वर्षं झाली. गावातल्या सव्वीस सत्तावीस वर्षांच्या पोरीबाळी, ज्यांची लग्नं होऊन लेकरं शाळेत जायला लागली, त्यांनी नगरसेवकासाठी आयुष्यात एकदाही बटण दाबलेलं नाही. त्यांच्यासाठी ही पहिलीच निवडणूक आहे, आणि पहिल्याच निवडणुकीत त्यांना दिसतंय काय तर बाई उभी राहते आणि माणूस बोलतो.

ऑक्टोबरमध्ये सोडत निघाली, आपल्या गावचं नगराध्यक्षपद महिलेला सुटलं. त्या रात्री चौकात काय बोलणं चाललं होतं ते सगळ्यांनी ऐकलंय, "याचा पत्ता कट झाला, आता मिसेसला उभं करावं लागेल". दोन वर्षांपासून ज्यांचे भावी नगराध्यक्ष म्हणून वाढदिवसाचे बॅनर लागायचे त्यांचे बॅनर उतरले आणि आठवड्यात त्याच चौकटीत तेच फोटो लागले, कोपऱ्यात वहिनींचा पासपोर्ट साईज फोटो घालून. मी माझ्या गल्लीत लागलेला एक बॅनर नीट बघितला. वर पक्षाच्या नेत्यांची रांग, मधे दादा हात जोडून पूर्ण उंचीचे, खाली सौ. अमुक तमुक. त्यांच्या पत्रकावर दोन मोबाईल नंबर आहेत, एक दादांचा आणि एक दादांच्या भावाचा. नळाला पाणी आलं नाही तर मी उमेदवाराला फोन कुठं लावायचा? पत्रक छापणाऱ्याला विचारलं तर म्हणाला ताईंचा नंबर दिलाच नव्हता त्यांनी.

आता परवाच्या एका सभेचं सांगते. पक्षाचं नाव घेत नाही, कारण जे त्या सभेत झालं तेच बाकीच्यांच्या सभेत पण होतंय. मारुतीच्या पाराजवळ संध्याकाळी कॉर्नर सभा होती, पंचवीस तीस खुर्च्या, समोर बाया सतरंजीवर, माणसं मागं उभी. ताई स्टेजवर मधल्या खुर्चीत, डोक्यावर पदर, गळ्यात उपरणं, हात जोडलेले. आधी एका कार्यकर्त्याचं भाषण, मग शहराध्यक्षांचं, मग मिस्टरांचं चांगलं वीस पंचवीस मिनिटं, रस्ते करू, गार्डन करू, गावाचा चेहरामोहरा बदलू. मग आमच्या गटातली एक बाई उठली आणि म्हणाली ते सगळं ठीक आहे पण खालच्या आळीला पाणी पाऊण तास येतं आणि वरच्या आळीला पंधरा मिनिटं पण येत नाही, असं का? मिस्टर म्हणाले आपण नवीन योजना आणू, करोडोचा निधी आणू. तेवढ्यात ताई खुर्चीतूनच म्हणाल्या, "अहो शाळेमागचा व्हॉल्व्ह आधी बंद केल्याशिवाय वर प्रेशरच चढत नाही, व्हॉल्व्हमन तो अर्धाच फिरवतो, पूर्ण फिरवला की..." आणि दिरानं माईक पुढं ओढून घोषणा सुरू केली.

मी तिथं बसले होते आणि माझ्या बाजूच्या सगळ्या बाया एकदम सरळ झाल्या होत्या, कारण त्या पूर्ण सभेत पाण्याबद्दल खरं बोललेलं ते एकच वाक्य होतं. ताईंना माहिती आहे कारण रात्री दोनला उठून ड्रम भरायला त्या स्वतः असतात, मिस्टर झोपलेले असतात. व्हॉल्व्ह कुठला, मोटर लावून पाणी ओढणारी घरं कुठली, घंटागाडी कुठल्या बोळात शिरत नाही, सार्वजनिक संडासाचा दिवा किती महिन्यांपासून बंद आहे, अंगणवाडीच्या मागची नाली कुठं तुंबते, हे सगळं त्यांना पाठ आहे. नगरपरिषदेचं काम म्हणजे दुसरं काय असतं? ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, त्यात १८ विषय आहेत शहरांच्या संस्थांचे, पाणीपुरवठा, साफसफाई, रस्ते, दिवाबत्ती, झोपडपट्टी, स्मशानभूमी. यातले निम्मे विषय तरी घरातली बाई रोज हाताळते. आणि तुम्ही तिला गप्प बसवून ज्याला व्हॉल्व्ह माहिती नाही त्याच्या हातात माईक देता.

तुमचं उत्तर मला माहितीये, शहराध्यक्षांनी मला तोंडावर सांगितलं पण आहे की ताईंना सवय नाही, काहीतरी चुकून बोलतील, विरोधक क्लिप फिरवतील, दहा दिवसांत रिस्क नको. तुमची भीती खोटी नाही, व्हॉट्सअपवर क्लिप फिरते आणि बाईची जास्तच फिरते. पण मला सांगा, तुमच्यातला कोण आईच्या पोटातून भाषण शिकून आला? यावेळी पहिल्यांदा उभे राहिलेले कितीतरी पुरुष उमेदवार आहेत, त्यांचे पण पाय लटपटतात, शब्द अडकतात, लोक हसतात आणि समजून घेतात. त्यांच्या जागी बोलायला कुणी त्यांच्या बायकोला पाठवत नाही. बोलता बोलताच माणूस शिकतो, आणि शिकायची जागा हीच आहे, हे दहा दिवस.

कारण पुढं काय होणार ते बघा. निवडून आल्यावर सर्वसाधारण सभा लागेल. विषयपत्रिका ताईंच्या नावानं येईल. सभागृहात जाऊन बसायचा, बोलायचा, ठरावावर हात वर करायचा अधिकार फक्त ताईंना आहे, मिस्टरांना दाराच्या बाहेरच थांबावं लागतं. बाहेर ते खुर्ची टाकून बसतील, ऑफिसात ठेकेदाराशी बोलतील, पण आत अजेंड्यावरचा विषय आला, टाकीच्या दुरुस्तीचं टेंडर आलं, घरपट्टी वाढवायचा ठराव आला, तर बोलणार कोण? दहा दिवस ज्या बाईला मारुतीच्या पारावर शंभर ओळखीच्या लोकांसमोर एक वाक्य पूर्ण करू दिलं नाही ती मुख्याधिकाऱ्यांना प्रश्न कसा विचारेल? आणि नगराध्यक्षपदाचं तर त्याहून मोठं आहे, ती सभा चालवायचीच त्यांनी आहे. महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के निधी ठेवायचा असतो, तो कुठं जातो, शिलाई मशीनच्या वाटपात संपतो का त्यातून बायांचे संडास नीट होतात, हे विचारायला आत बसलेल्या बाईला आवाज पाहिजे.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. कागदावरच्या सगळ्या सह्या ताईंच्या आहेत. उमेदवारी अर्ज, संपत्तीचं शपथपत्र, गुन्ह्यांची माहिती, आणि आता रोजचा खर्च. आपल्या क वर्गात नगरसेवकाला अडीच लाख आणि नगराध्यक्षाला साडेसात लाख खर्चाची मर्यादा आहे, निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो, नाही दिला तर अपात्र उमेदवार ठरते, नवरा नाही. एका ताईंना मी सहज विचारलं मंडपाचं बिल किती झालं, तर म्हणाल्या मला काय माहिती, ते सही कर म्हणाले मी केली. जेवणावळी कुठं चालल्यात, गाड्या किती लावल्यात, रात्री कुणाच्या घरी पाकिटं गेली यातलं त्या बाईला काही सांगितलेलं नाही आणि उद्या काही निघालं तर नोटीस तिच्याच नावानं येणार. दादा, ज्या कागदावर तुम्ही बायकोची सही घेता तो कागद आधी तिला वाचायला द्या, रोज संध्याकाळी खर्चाची वही तिच्यासमोर उघडा. एवढं तरी करा.

माझी मावशी १९८६ ला चांदवडला गेली होती, शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला. ट्रकमधे बसून, भाकरी बांधून. ती सांगायची की आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या बाया एका जागी बघितल्या आणि त्यातल्या बाया स्वतः उठून बोलत होत्या. त्यानंतर १९८९ ला जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावात पूर्ण ग्रामपंचायतच बायांची निवडून आली, ३३ टक्के पण नव्हते तेव्हा, आरक्षणाची सक्ती नव्हती, गावानं ठरवून केलं. मग घटनादुरुस्ती झाली, एक तृतीयांश जागा आल्या, २०११ ला आपल्या महाराष्ट्रानं ५० टक्के केल्या. एवढं सगळं होऊन आता २०२५ मधे आपण कुठं आलोय तर अर्ध्या जागा बायांच्या आहेत आणि भाषणं पुरुषांची आहेत. मावशी आता नाही, पण तिला हे बघवलं नसतं.

केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं सरपंच पतीच्या प्रकारावर एक समिती नेमली होती, तिनं याच वर्षी अहवाल दिला, बाईच्या जागी नवऱ्यानं कारभार केल्याचं सिद्ध झालं तर कडक दंड करा म्हणून. ते पंचायतींसाठी आहे, नगरपरिषदेचं त्यात नाही. आणि खरं सांगायचं तर मला दंडापेक्षा तुमच्याकडून अपेक्षा जास्त आहे, कारण तुम्ही गावातली माणसं आहात, रोज समोर येता.

घरच्यांनी मदत करू नये असं मी म्हणत नाहीये. निवडणूक एकट्यानं लढताच येत नाही, नवरा पळतो, दीर गाडी चालवतो, मुलगा मोबाईल सांभाळतो, सासू घर बघते, चांगलंच आहे. पुरुष उमेदवाराच्या मागं पण बायको, आई, बहीण दिवसरात्र राबतात, औक्षणाचं ताट घेऊन उभ्या राहतात. पण त्याच्या ऐवजी बोलत नाहीत. तेवढाच फरक मी मागतेय. मिस्टरांनी मागं उभं राहावं, लोकांना गोळा करावं, कागद पुढं करावा, आणि प्रश्न आला की ताईंकडे बघून थांबावं. एक मिनिट थांबायचं. ताई बोलतात.

आणि ताई लोकांच्या बाकी हालांकडे पण बघा जरा. सकाळी सातला फेरी निघते, त्याच्या आधी पाचला उठून घरचा स्वयंपाक आणि वर कार्यकर्त्यांचा चहा पोहे त्यांनाच करावे लागतात. दिवसभर पायी गल्लीबोळ, आणि लघवीला जायची सोय कुठं नाही म्हणून कितीतरी उमेदवार बाया दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, मला स्वतः दोघींनी सांगितलं, एकीला उन्हातून येऊन चक्कर आली होती. पुरुष कार्यकर्ते कुठंही आडोसा बघतात, त्यांच्या हे डोक्यात पण येत नाही. फेरीचा रूट ठरवताना मधे कुणाच्या घरी दहा मिनिटं थांबायचं हे आधीच ठरवा, गटातल्या बायांची घरं उघडी आहेत, कुठल्याही पक्षाची ताई असो, आत येऊन हातपाय धुऊन चहा पिऊन जावं. आणि चहा पोह्याला दुसरं माणूस लावा.

मतदार बायांना पण माझं सांगणं आहे, हे पत्र त्यांच्यापर्यंत जाईल म्हणून लिहिते. दारात प्रचार आला की आपण ओवाळतो, कुंकू लावतो, हसतो, स्लिप घेतो आणि दार लावतो. यावेळी प्रश्न विचारा, आणि नाव घेऊन ताईंनाच विचारा. मधे दुसरं कुणी बोललं तर म्हणा, भाऊ तुमचं ऐकलं, आता ताईंना सांगू द्या. यावेळी आपल्याला तीन मतं द्यायची आहेत, एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या अ आणि ब जागेला, बऱ्याच जणींना हे अजून माहितीच नाही, एकच बटण दाबून निघू नका. नमुना मतपत्रिका घेऊन ताईंनीच बसून हे समजावलं तर बायांना पटकन कळतं, मी बघितलंय, कारण त्यांच्याकडे परत परत विचारायला लाज वाटत नाही.

आता शेवटचं, आणि हे पक्क्या कामाचं आहे. ३० नोव्हेंबरला रविवार आहे. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आमच्या प्रभागातल्या समाजमंदिरात आम्ही बचत गटांच्या बाया एक बैठक ठेवतोय. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज टाकलाय, आचारसंहितेत बसेल असंच करणार, झेंडा नाही, बॅनर नाही, जेवण नाही, चहा आमच्या गटाच्या पैशातून. नगराध्यक्षपदाच्या सगळ्या ताई आणि आमच्या प्रभागातल्या महिला जागेच्या सगळ्या ताई, पक्षाच्या असोत की अपक्ष, सगळ्यांना बोलावणं आहे. प्रत्येकीला दहा मिनिटं. आधी पाच मिनिटं स्वतःचं, मग पाच मिनिटं बायांचे प्रश्न. प्रश्न आम्ही आधीच लिहून घेतलेत आणि उद्या सगळ्या पक्षांच्या ऑफिसला कागद पोचवतोय म्हणजे कुणी अडचणीत पाडलं असं म्हणायला नको. पाण्याचं वेळापत्रक, घंटागाडी, बायांचे संडास, भाजी मंडईतल्या बसणाऱ्या बायांची जागा, आणि ५ टक्के निधीचं काय करणार.

मोबाईलवर शूटिंग करायला आम्ही मनाई ठेवलीय, त्यामुळं क्लिपची भीती काढून टाका. कुणी अडखळलं तर बाकीच्या थांबतील, पाणी देतील, परत सुरुवात करायला सांगतील. कागद बघून बोललं तरी चालेल, काहीच लिहून न आणता आल्या तरी चालेल.

दादा लोकांनी पण यावं, मागच्या भिंतीला सतरंजी टाकलेली असेल. फक्त माईक पुढं असेल आणि तो ताईंकडेच राहील. शहराध्यक्ष साहेब, तुमच्या पक्षाच्या ताई येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा म्हणजे क्रम लावता येईल, चिठ्ठ्या टाकून लावणार आहोत. निरोप समाजमंदिराशेजारच्या पिठाच्या गिरणीवर ठेवला तरी मला मिळतो. आणि निरोप द्यायला शक्यतो ताईंनाच पाठवा.

आपली,
प्रभागातली एक मतदार